दुसऱ्यांच्या डोंगरातली गाणी मी शिकवू का?

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ भागात १९ वर्षे राहणाऱ्या, मूळच्या मिरजेच्या एका ४७ वर्षांच्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे यजमान तिथल्या रुग्णालयात डॉक्टर आहेत आणि त्या स्वतः त्याच रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करतात. शेजारी राहणाऱ्या ८३ वर्षांच्या एका बाईंकडून त्या १४ वर्षे डल्सिमर हे मांडीवर ठेवून वाजवायचे तंतुवाद्य शिकत आहेत. बाईंनी लहानपणापासून डल्सिमर वाजवले, २६ वर्षे शाळेची बस चालवली आणि गेली ३० वर्षे गावच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांना विनामूल्य शिकवले. आता संधिवातामुळे त्यांची बोटे वळत नाहीत आणि त्यांनी ‘सप्टेंबरपासून वर्ग तू घे’ असे सांगितले आहे. वाचक भगिनी लिहितात : ‘बाईंनी आयुष्यभर डल्सिमरशिवाय काही केले नाही. त्यांची जागा घ्यायची तर मलाही नोकरी सोडावी लागेल. शिवाय ही गाणी माझ्या रक्तात नाहीत. मिरजेहून आई विचारते, एवढी वर्षे संतूरच शिकायचे होते, तर इथे काय गुरू नव्हते? तीन वर्षांनी टेक्सासला मुलाजवळ राहायला जावे असे यजमानांच्या मनात आहे. मी हो म्हणू की नाही?’

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच जागी थांबले. बाईंनी आयुष्यभर डल्सिमरशिवाय काही केले नाही, असे तुम्ही लिहिता, आणि त्याच्या चारच ओळी वर, जवळजवळ जाता जाता, त्यांनी २६ वर्षे शाळेची बस चालवली हेही लिहिता. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यांवरून, हिवाळ्यातल्या अंधारात, दुसऱ्यांची मुले सुखरूप ने-आण करणे हे काही लहानसहान काम नव्हे. ते तुमच्या हिशेबातून कसे निसटले, याचा विचार करावासा वाटतो. मला वाटते, ‘कलाकाराचे आयुष्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मैफलींत रमलेले, संसाराची चिंता दुसऱ्या कुणावर सोपवलेले एक चित्र उभे राहते, आणि त्या चित्रात बसची चावी बसत नाही म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. लोकसंगीताच्या बाबतीत हे चित्र बहुतेक वेळा चुकीचे ठरते, आणि तुमच्या डोंगरांच्या बाबतीत तर नक्कीच.

तुम्हाला ठाऊक असलेलीच नावे घेते. डल्सिमर जगापुढे आणणाऱ्या जीन रिची १९२२ साली तुमच्याच भागात, पेरी परगण्यातील व्हायपर या वस्तीत, १४ भावंडांतल्या शेंडेफळ म्हणून जन्मल्या. वडील डल्सिमर वाजवत, पण मुलांनी वाद्याला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. ते घराबाहेर गेले की ही चार-पाच वर्षांची पोर ते गुपचूप काढून वाजवायची. पुढे वडील शिकवायला बसले तेव्हा तिला ते आधीच येत असल्याचे पाहून थक्क झाले. या मुलीने १९४६ साली केंटकी विद्यापीठातून समाजकार्याची पदवी घेतली आणि न्यूयॉर्कमधील हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेत गरीब वस्तीतल्या मुलांसाठी काम करू लागली. घरची गाणी आणि डल्सिमर तिने त्या मुलांना रमवण्यासाठी वापरले, आणि तिथूनच ध्वनिमुद्रणे, रेडिओ, परदेशची अभ्यासवृत्ती, १९५९ साली न्यूपोर्टचा पहिला लोकसंगीत महोत्सव असे सारे घडत गेले. म्हणजे जिला आपण डल्सिमरची जन्मभराची कलावंत म्हणून ओळखतो, तिची सुरुवातही नोकरीतच, मुलांच्या घोळक्यातच झाली होती. उत्तर कॅरोलिनाचे फ्रँक प्रॉफिट तंबाखूची शेती आणि सुतारकाम करत करत बँजो आणि डल्सिमर घडवत आणि गात. स्टॅन्ली हिक्स यांनाही शेतीचाच आधार होता, आणि १९८३ साली अमेरिकेतील लोककलेचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला तेव्हाही ते त्या डोंगरातलेच एक शेतकरी होते. केंटकीचे होमर लेडफोर्ड अनेक वर्षे शाळेत हस्तकौशल्य शिकवत होते. नोकरी सोडून त्यांनी हजारो डल्सिमरे घडवली हे खरे, पण वाद्याला गिऱ्हाईक आहे याची खात्री पटल्यानंतरच त्यांनी ती सोडली. डेव्हिड श्नॉफर यांना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डल्सिमर शिकवण्याचे पद मिळाले, तसे कुणाला मिळते तेव्हा आनंद मानावा. मात्र त्यावरून सगळ्यांचा आडाखा बांधू नये.

तेव्हा नोकरीबद्दलचे माझे मत आधीच सांगून टाकते : सोडू नका. घर तुमच्या पगारावर चालत नसेल, तरीही. बाईंनी शनिवारचा वर्ग ३० वर्षे विनामूल्य चालवला, कारण पोटाची सोय बसने आणि नंतर निवृत्तिवेतनाने होत होती, आणि म्हणून त्या वर्गावर कुणाचे ओझे नव्हते. तुम्ही नोकरी सोडून वर्गाला पूर्णवेळ वाहून घेतलेत, तर सहा महिन्यांत त्या वर्गाकडून तुमच्या अपेक्षा वाढतील. कुणी मूल आले नाही तर मनाला लागेल, पुढे फी लावावीशी वाटेल, आणि ज्या मुलांसाठी हा वर्ग होता त्यांतली निम्मी गळतील. शक्य असेल तर शुक्रवारचा अर्धा दिवस कमी करून घ्या. तेवढे पुरेल.

आता रक्ताचा प्रश्न. तो तुम्ही फार मनाला लावून घेतला आहे आणि तो कुठून येतो हे मी समजू शकते, कारण आपण ज्या मुलखातून आलो तिथे गोंधळी गोंधळ्याच्या घरात जन्मतो आणि वासुदेव वासुदेवाच्या. पण तुम्ही मिरजेच्या आहात. मिरजेच्या सतारमेकरांचा इतिहास लहानपणी तुमच्या कानावर पडलाच असेल. आज तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ज्या घराण्यांनी ती कीर्ती मिळवली त्यांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे तलवारी आणि हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी भोपळ्याला हात घातला तेव्हा त्यांच्या रक्तात तंबोरा नव्हता; हातात कसब होते आणि कान तयार करण्याची तयारी होती. ज्यांच्या नावाने मिरजेच्या दर्ग्यात दर वर्षी गाणे होते ते अब्दुल करीम खाँ उत्तरेतल्या कैरान्याचे. मिरजेने त्यांना आपले म्हटले, आणि आज ‘मिरज’ म्हटले की पहिले नाव त्यांचेच आठवते.

तुमचे डल्सिमर तरी कुठे मूळचे केंटकीचे आहे? जर्मन वसाहतकऱ्यांनी शाइटहोल्ट नावाचे लांबट, मांडीवर किंवा टेबलावर ठेवून वाजवायचे तंतुवाद्य अमेरिकेत आणले. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंडकडून आलेल्या डोंगरकऱ्यांनी त्याला नवा घाट दिला आणि त्यावर आपली गाणी बसवली. म्हणजे वाद्याचा पूर्वज एका मुलखाचा, गाणी दुसऱ्या मुलखाची, आणि लाकूड ॲपलेशियातल्या, म्हणजे तुमच्या त्या डोंगररांगेतल्या, अक्रोडाचे. नॉट परगण्याच्या एडवर्ड थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९३० च्या आसपासपर्यंत सुमारे दीड हजार डल्सिमरे घडवली आणि गाडीवर घालून दारोदार विकली, म्हणून ते त्या भागातल्या घराघरांत पोहोचले. २००१ साली केंटकीने ते राज्याचे अधिकृत वाद्य केले, तोवर त्याचे सगळे आयुष्य एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यातच गेले होते. मिरजेच्या मुलीचा हात हा त्यातला आणखी एक आहे.

आईला मात्र नीट समजावून सांगायला हवे, कारण तिचा गैरसमज शब्दातून झाला आहे. काड्यांनी आघात करून वाजवायचे, शेकडो वर्षे अनेक देशांत पसरलेले जे समलंब चौकोनी डल्सिमर आहे ते संतूरच्या नात्यातले. तुमचे ते नव्हे. तुमचे वाद्य मांडीवर आडवे ठेवायचे, तीन किंवा चार तारांचे. डाव्या हातात लाकडाची एक बोटभर काडी, जिला तिकडे ‘नोटर’ म्हणतात, ती एकाच तारेवर पडद्यांवरून सरकवायची आणि उजव्या हातात पिसाचा दांडा घेऊन सगळ्या तारा एकदम छेडायच्या. गाणे एका तारेवर चालते आणि बाकीच्या तारा शेवटपर्यंत आपापला एकच सूर धरून राहतात. आईला सांगा, की शाहिराच्या मागे झीलकरी जशी झील धरतो, तशी या तारा झील धरतात. पुढच्या वेळी फोनवर बोलण्याऐवजी एखादे संथ गाणे वाजवून ऐकवा. तंबोऱ्याच्या गावात वाढलेल्या बाईला न हलणारा सूर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

इथवर मी तुमच्या शंका दूर करत आले, पण त्यांतली एक शंका रास्त आहे आणि ती मला दूर करायची नाही. बाहेरून आलेल्या माणसाने त्या डोंगरांत जपूनच पाऊल टाकावे. तिथून कोळसा बाहेर गेला आणि त्याबरोबर नफाही. तिथल्या माणसांच्या बोलण्याची, कपड्यांची, गाण्याची शहरांनी वर्षानुवर्षे टिंगल केली, आणि गाणी उतरवून नेणाऱ्यांपैकी सगळ्यांनीच गाणाऱ्यांची नावे तितक्या आदराने सांभाळली असे नाही. इंग्लंडहून आलेले लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प १९१७ साली त्या भागात फिरले, तेव्हा जीन रिचींच्या थोरल्या बहिणींनीही त्यांना गाणी सांगितली होती. त्यांनी टिपून घेतले म्हणून पुष्कळ काही वाचले, यात शंका नाही. पण टिपून निघून जाणारा आणि १४ वर्षे शनिवार-शनिवार शेजारी बसून शिकणारी यांत फरक आहे, आणि तो तुमच्या वागण्यातून मुलांच्या आईबापांना दिसला पाहिजे. प्रत्येक गाणे शिकवण्याआधी ते बाईंना कुणाकडून मिळाले, कुठल्या खोऱ्यात, कुठल्या प्रसंगी, एवढे एक वाक्य सांगा. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या पणजीचे नाव त्यात निघाले, तर तुमच्या हक्काचा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नाही, तुम्हीही नाही.

त्याच जपणुकीतला एक बारकावा. त्या भागातल्या ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट मंडळींच्या उपासनेत वाद्य नसते. म्होरक्या एक ओळ सांगतो आणि बाकीचे ती लांबवून, गळ्यातून वळवत म्हणतात. बाईंनी तुम्हाला अशी काही भजने नुसती गाऊन शिकवली असतील आणि वाद्य मुद्दाम बाजूला ठेवले असेल, तर ती वर्गात डल्सिमरवर वाजवण्याआधी त्यांना विचारा. परवानगी मिळेलही, पण विचारायला हवे.

मुले नवी गाणी मागतात आणि तुम्हाला त्यात बाईंशी प्रतारणा वाटते, असेही तुम्ही लिहिले आहे. यात मला प्रतारणा दिसत नाही. जीन रिची केवळ जुनी गाणी गात बसल्या नाहीत. खाणींनी डोंगर कसे पोखरले आणि ओढ्यांचे पाणी कसे काळे केले यावर त्यांनी स्वतः गाणी रचली, आणि काही तर टोपणनावाने, पुरुषाच्या नावाने. पण वाद्य मिळवण्याची बाईंची रीत मात्र सोडू नका. आज बहुतेक वर्गांत तारा सा-प-सा अशा मिळवतात, आणि जुन्या पिढीतले पुष्कळजण वरची तार मधल्या तारेच्याच पंचमाला मिळवून षड्ज तिसऱ्या पडद्यावर घेत. बाई तसे करत असतील, तर त्यांची गाणी त्या मिळवणीतच त्यांच्यासारखी वाजतील. मुलांना दोन्ही शिकवा. कान लवकर तयार होतो.

आता टेक्सासकडे वळते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तो आहे आणि तुम्ही तो सगळ्यात शेवटी, एका ओळीत उरकला आहे. तीन वर्षांनी तुम्ही जाणार असण्याची शक्यता बाईंना माहीत आहे का? पत्रावरून तरी तसे वाटत नाही. हे सांगितल्याशिवाय हो म्हणू नका. ८३ वर्षांच्या माणसाने आयुष्यभराचे काम कुणाच्या ओटीत घातले आणि ते तीन वर्षांत बंद पडेल हे त्याच्यापासून लपवले, असे तुमच्या हातून घडले तर ते तुम्हाला फार जड जाईल. सांगितल्यावर बाई काय म्हणतील, हे मी सांगू शकत नाही. पण ज्या बाईंनी २६ वर्षे मुलांना शाळेच्या दारात सोडले आणि पुढच्या वर्षी दुसरी मुले बसमध्ये घेतली, त्यांना माणसे येतात-जातात हे नवे नसावे. जीन रिची स्वतः वयाची बहुतेक वर्षे न्यूयॉर्कजवळ राहिल्या, अगदी म्हातारपणी केंटकीतल्या बेरिया गावी परतल्या आणि २०१५ साली वयाच्या ९२ व्या वर्षी तिथेच वारल्या. डोंगर सोडला म्हणून त्यांचे डल्सिमर सुटले नाही.

पण गावातल्या वर्गाचे तसे नाही. तो गावातच राहायला हवा. म्हणून तुम्ही ‘बाईंची वारसदार’ ही कल्पनाच मनातून काढून टाका, तिनेच तुम्ही इतक्या दडपल्या आहात. तीन वर्षांसाठी वर्ग सांभाळणारी एवढेच स्वतःला समजा, आणि पहिल्या महिन्यापासून चौदा-पंधरा वर्षांची दोन मुले अशी हेरा, जी धाकट्यांना शिकवू शकतील. सर्वांत चांगले वाजवणारी नकोत. धाकट्याची तार उतरली की न सांगता उठून मिळवून देणारी हवीत. केंटकी आर्ट्स कौन्सिलकडे लोककलांमधील गुरु-शिष्यांसाठी अनुदानाची योजना असते. तिचे सध्याचे नियम पाहून बाई आणि त्यांतले एक मूल यांच्या नावाने अर्ज करता येतो का, हे वाचनालयाच्या मदतीने तपासा. बाईंना बोटांनी वाजवता येत नसले, तरी चूक ऐकू येतेच.

आणि ध्वनिमुद्रण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माझे स्वतःचे दुखणे आहे. माझ्या आत्याला जात्यावरच्या शेकडो ओव्या येत होत्या. आम्ही चार भाच्या, चौघी शिकलेल्या. ‘पुढच्या दिवाळीत वही घेऊन बसू’ असे दर दिवाळीला म्हणत राहिलो. आत्या गेली तेव्हा आमच्यापैकी कुणालाही सलग दहा ओव्या येत नव्हत्या. त्याच काळात पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी, म्हणजे एका मराठी आणि एका फ्रान्समधून आलेल्या अभ्यासकाने, गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीपुढे ती कुणी आणि कुठल्या गावात गायली ते नोंदवून ठेवले. तुमच्या कामासाठी याहून चांगला नमुना मला माहीत नाही. बाईंचे प्रत्येक गाणे स्वतंत्र ध्वनिमुद्रित करा, आधी त्यांच्याकडून गाण्याचा इतिहास वदवून घ्या, मग गाणे, मग त्याचे शब्द कागदावर. त्यांची बोटे चालत नसतील तर त्या गातील आणि तुम्ही वाजवा, आणि चुकलात की त्या जे बोलतील तेही राहू द्या. ते पुसू नका.

हे सगळे एकाच ठिकाणी ठेवू नका. जुलै २०२२ च्या महापुरात तुमच्या भागातील व्हाइट्सबर्ग येथील ॲपलशॉप या संस्थेचा दशकांचा ध्वनी-चित्र संग्रह पाण्याखाली गेला आणि हिंडमनच्या जुन्या शाळेतील जुनी कागदपत्रेही भिजली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले असेल. एक प्रत बाईंच्या घरच्यांकडे, एक वाचनालयात, एक तुमच्याकडे ठेवा आणि बेरिया कॉलेजच्या लोकसंगीताच्या ध्वनिसंग्रहाला पत्र लिहून एक तिकडे देता येईल का ते विचारा. देण्याआधी बाईंची लेखी संमती घ्या, आणि कोणती गाणी बाहेर द्यायची नाहीत, हेही त्यांनाच ठरवू द्या. गोव्यातल्या एखाद्या वृद्ध घुमटवादकाकडे किंवा देशावरच्या एखाद्या भारुडकाराकडे जाणाऱ्या आमच्या इतर वाचकांनीही हे असेच करावे. फक्त बेरियाच्या जागी जवळच्या विद्यापीठाचा लोककला विभाग शोधावा.

एक नाजूक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती येणारच. बाई एक दिवस त्यांचे वाद्य तुमच्यापुढे ठेवतील. ते लगेच घरी आणू नका. त्यांच्या मुला-नातवंडांना त्यांच्यासमोरच विचारा. कुणाच्या तरी मनात ते आजीच्या भिंतीवर टांगलेले राहावे असे असेल, तर ते त्यांचेच आहे. तुम्ही १४ वर्षे ज्यावर शिकलात ते तुमचे स्वतःचे डल्सिमर वर्गात न्या.

तेव्हा, हो म्हणा, पण या शनिवारी वर्ग संपल्यावर, बाईंना घरी सोडताना, आधी टेक्सासचे सांगा आणि मग हो म्हणा. सप्टेंबर यायला अजून काही आठवडे आहेत. तोवर नोकरीवरून परतताना आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांच्याकडे बसा, फोनवरचे ध्वनिमुद्रण सुरू ठेवा, आणि लहानपणी सर्वांत आधी शिकलेल्या गाण्यापासून सुरुवात करायला सांगा. ते त्यांना कुणी शिकवले, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही.